१६,००० यार्ड पुरेसे का नाहीत: रनिंग बॅक आणि कँटनचा उंबरठा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फ्रँक गोर १६,००० यार्ड धावला. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या इतिहासात चेंडू घेऊन त्याच्यापेक्षा जास्त धावलेले दोघेच, एमिट स्मिथ आणि वॉल्टर पेटन. टेरेल डेव्हिस ७,६०७ यार्डांवर थांबला, म्हणजे गोरच्या निम्म्यालाही पोचला नाही. तरी डेव्हिसचा ब्राँझचा अर्धपुतळा २०१७ पासून कँटन गावच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या दालनात, आहे आणि गोरचं नाव काढलं की वाद सुरू होतो. हे कसं? आणि २०१० च्या दशकाच्या अधिकृत सर्वोत्तम संघात जे चार रनिंग बॅक निवडले गेले, एड्रियन पीटरसन, लशॉन मॅकॉय, मार्शॉन लिंच आणि गोर, त्यांना कुठल्या क्रमाने आत घ्यावं?

मी ओहायोत एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि गेली १९ वर्षं मोसमात त्याच शाळेच्या संघातल्या रनिंग बॅक मुलांना तयार करतो. कँटन आमच्यापासून पाऊण तासावर. दर उन्हाळ्यात नव्या मुलांना तिथे घेऊन जातो आणि परतीच्या बसमध्ये दरवर्षी हाच वाद रंगतो. त्यामुळे माझं उत्तर तयार आहे, पण ते एका वाक्यात सांगितलं तर पटणार नाही.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. क्वार्टरबॅक, म्हणजे हल्ल्याचा सूत्रधार, ज्याच्या पोटाशी चेंडू देतो आणि ज्याला समोरच्या अकरा जणांतून वाट काढायची असते, तो रनिंग बॅक. मी शाळेत असताना सांगलीत कबड्डी खेळायचो. चढाईला गेल्यावर समोरची साखळी कुठे सैल आहे हे जसं पायाच्या आधी डोळ्यांनी ओळखावं लागतं, तसंच इथेही आहे. फरक मोठा एकच: चढाई करणारा एकटा असतो, रनिंग बॅकच्या पुढे पाच धिप्पाड साथीदार वाट फोडत असतात. त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. त्या पाच जणांचा वाटा किती आणि धावणाऱ्याचा किती, हे वेगळं काढणं हाच या सगळ्या तुलनेतला कठीण भाग आहे.

आधी एकूण यार्डांचं बघू, कारण वाद तिथूनच सुरू होतो. एकूण यार्ड हा आकडा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: चेंडू किती वेळा दिला गेला आणि दर वेळी किती पुढे गेला. एमिट स्मिथने ४,४०९ वेळा चेंडू घेतला आणि १८,३५५ यार्ड काढले. बॅरी सँडर्सने ३,०६२ वेळा घेऊन १५,२६९. जिम ब्राउनने फक्त २,३५९ वेळा घेऊन १२,३१२. ब्राउनच्या काळात मोसम आधी १२ आणि नंतर १४ सामन्यांचा होता. नऊ वर्षांत तो ११८ सामने खेळला, एकही चुकवला नाही, आणि नऊपैकी आठ वर्षं धावण्यात लीगमध्ये पहिला आला. सामन्यामागे १०४.३ यार्ड. संपूर्ण कारकिर्दीत शंभराच्या वर सरासरी असलेला तो एकटाच. आता यादीत ब्राउनच्या वर गोर आहे, कर्टिस मार्टिन आहे, जेरोम बेटिस आहे. यांच्यापैकी कोणी ब्राउनपेक्षा मोठा होता असं त्यांच्या घरचेसुद्धा म्हणणार नाहीत.

म्हणून नुसती सरासरी बघावी का? तीही फसवते. जमाल चार्ल्सने दर धावेमागे ५.४ यार्ड काढले, ब्राउनच्या ५.२ पेक्षाही जास्त. पण चार्ल्सला कारकिर्दीत १,४०७ वेळाच चेंडू मिळाला. उलट बेटिसची सरासरी ३.९, आणि तो २०१५ मध्ये आत गेला. बेटिसला चेंडू कधी दिला जायचा ते आठवा: एक-दोन यार्ड हवेत, सगळ्या स्टेडियमला माहीत आहे की चेंडू त्याच्याकडेच जाणार, आणि समोर दहा जण दाटीवाटीने उभे. तिथे दोन यार्ड काढले तर संघाचं काम झालं, पण सरासरी घसरली. टी-ट्वेंटीतला स्ट्राइक रेट आणि कसोटीतली सरासरी एका तराजूत घालू नये हे आपल्याला सांगावं लागत नाही, तसंच हे.

एका मोसमात २,००० यार्ड हा आकडाही लोक पासपोर्टसारखा दाखवतात. आजवर नऊ जणांनी तो गाठला. त्यातले जमाल लुइस आणि क्रिस जॉन्सन कँटनच्या बाहेर आहेत, आणि मला ते योग्य वाटतं.

माझी मोजपट्टी अशी आहे. सलग तीन-चार मोसम असे दाखवा की समोरच्या संघाने आठवडाभर सरावात सगळ्यात आधी याच माणसाला अडवायची तयारी केली, आणि तरी तो अडला नाही. मग त्यातून लाइनचा वाटा वजा करा. मग मोठ्या सामन्यांत काय झालं ते बघा. एवढं झाल्यावर उरलेली वर्षं आणि उरलेले यार्ड मोजायला घ्या. क्रम महत्त्वाचा आहे, कारण रनिंग बॅकचं शरीर हे खर्ची पडणारं भांडवल आहे. दर रविवारी २०-२५ वेळा शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर येतात. क्वार्टरबॅक चाळिशीपर्यंत खेळू शकतो. रनिंग बॅक तिशीला म्हातारा होतो. त्याच्या कारकिर्दीची लांबी हे मोठेपणाचं मुख्य माप ठरवलं, तर या जागेवरच्या सगळ्यात झगझगीत माणसांवर आपण अन्याय करू.

आता डेव्हिस. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर निवडलेला पोरगा. १९९६ मध्ये १,५३८ यार्ड, १९९७ मध्ये १,७५०, १९९८ मध्ये २,००८ यार्ड आणि धावून २१ टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या गोललाइनपार नेणं). तिन्ही वर्षं ऑल-प्रोच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, एकूण आठ सामने, १,१४० यार्ड, १२ टचडाउन. त्यातले शेवटचे सात सामने सलग शंभराच्या वर आणि सातही जिंकलेले, दोन सुपर बोलसह (लीगचा अंतिम सामना). १९९९ मध्ये आपल्या संघाचा पास प्रतिस्पर्ध्याने पकडल्यावर त्याला पाडायला धावताना गुडघा गेला आणि तिथून पुढे उरलं ते दुखणंच.

त्याच्याविरुद्धचा सगळ्यात सबळ मुद्दा मी लपवणार नाही. डेव्हिसच्या डेन्व्हर संघात माइक शॅनहन प्रशिक्षक होता आणि लाइनचं तंत्र अॅलेक्स गिब्सने बसवलेलं. डेव्हिस जखमी झाल्यावर १९९९ मध्ये ओलँडिस गॅरीने १,१५९ यार्ड काढले, २००० मध्ये माइक अँडरसनने १,४८७, २००२ मध्ये क्लिंटन पोर्टिसने १,५०८. मग लोक म्हणाले, या पद्धतीत कोणालाही उभं करा, तो हजार यार्ड काढेल. याच एका वाक्याने डेव्हिसला दहा वर्षं दाराबाहेर उभं ठेवलं.

ती पद्धत मी दरवर्षी मुलांना शिकवतो, म्हणून तिच्याबद्दल बारकाईने सांगतो. तिला आउटसाइड झोन म्हणतात. चेंडू घेतला की पहिली दोन-तीन पावलं सरळ पुढे नाहीत, बाजूला टाकायची. पाचही लाइनमन एकाच दिशेने सरकतात, बचावफळी त्यांच्याबरोबर ओढली जाते. धावणाऱ्याची नजर लाइनच्या टोकाला उभ्या असलेल्या टाइट एंडच्या बाहेरच्या बचावपटूवर. तो आत ओढला गेला तर बाहेरून जायचं. तो बाहेर पडला तर बाहेरचा पाय रोवून एकदाच आत कापायचं. एकदाच! सोळा वर्षांच्या पोराला हे ‘एकदाच’ शिकवायला दोन मोसम लागतात. तो घाईने दुसऱ्याच पावलाला कापतो आणि स्वतःच्याच लाइनमधल्या गार्डच्या पाठीवर आदळतो, नाहीतर वाट बघत बघत साइडलाइनच्या बाहेर जातो. डेव्हिसच्या चित्रफिती मुलांना दाखवताना मी तिसऱ्या पावलावर थांबवतो. त्याचे खांदे अजून साइडलाइनकडे आहेत, लाइनबॅकरने, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या रांगेतल्या खेळाडूने, वजन बाहेरच्या पायावर टाकलंय, आणि डेव्हिसचा पाय त्याच क्षणी जमिनीत रुतलाय. पोर्टिस त्याच्याहून चपळ होता. पण अरुंद जागेत खांदा खाली घालून पुढेच पडायचं, दर वेळी दोन यार्ड जास्तीचे काढायचे, ही डेव्हिसची हातोटी त्याच्या जागी आलेल्या कोणातच नव्हती. आणि आकड्यांतच बोलायचं तर, डेव्हिसनंतर डेन्व्हरला पुढचा प्लेऑफ सामना जिंकायला जानेवारी २००६ उजाडलं. पद्धत तीच होती, प्रशिक्षक तोच होता.

२५ जानेवारी १९९८, सॅन डिएगो, ग्रीन बेविरुद्धचा सुपर बोल. पहिल्या क्वार्टरमध्ये डोक्याला मार लागला आणि डेव्हिसचं अर्धशिशीचं जुनं दुखणं उसळलं. डोळ्यांपुढे दिसेनासं झालं. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला गोललाइनवर शॅनहनने त्याला तरीही आत पाठवलं, कारण तो मैदानात नसेल तर ग्रीन बेचा बचाव फसणार नाही. क्वार्टरबॅक जॉन एल्वेने चेंडू त्याला दिल्याचं सोंग केलं, सगळे डेव्हिसच्या अंगावर गेले, आणि एल्वे बाजूने चालत टचडाउनमध्ये. ज्याला धड दिसत नाही असा माणूस नुसता उभा राहिला तरी अख्खी बचावफळी त्याच्याकडे वळते. मी वर जी मोजपट्टी सांगितली तिचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. मध्यंतरानंतर दृष्टी परत आली आणि सामना संपेपर्यंत त्याचे १५७ यार्ड आणि तीन टचडाउन झाले होते.

शिवाय हे दार आधीच उघडलेलं होतं. गेल सेयर्स ६८ सामने खेळला, ४,९५६ यार्ड धावला, आणि १९७७ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी कँटनमध्ये गेला. १९६५ च्या पहिल्याच मोसमात २२ टचडाउन, त्यातले सहा एकाच दुपारी, चिखलात. सेयर्स आत असेल तर डेव्हिसला थांबवायला नियमात आधार नव्हता.

आता लाइनचा वाटा कसा वजा करायचा ते दाखवतो, कारण इथे भल्याभल्यांची गल्लत होते. शॉन अलेक्झांडर २००५ मध्ये सिअॅटलसाठी १,८८० यार्ड धावला, धावून २७ टचडाउन, लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच्या डाव्या बाजूला वॉल्टर जोन्स आणि स्टीव्ह हचिन्सन. दोघेही आज कँटनमध्ये आहेत. २००६ मध्ये हचिन्सन मिनेसोटाला गेला आणि अलेक्झांडर ८९६ यार्डांवर आला. त्या वर्षी त्याचा पायही मोडला होता, ते धरूनच बोलायला हवं. पण नंतरही तो सावरला नाही. कारकिर्दीत धावून १०० टचडाउन आहेत आणि तरी मी त्याला मत देणार नाही.

तोच हचिन्सन पुढे मिनेसोटात कोणासमोर वाट फोडत होता? एड्रियन पीटरसनसमोर. २००७ मध्ये पीटरसन आला आणि पहिल्याच मोसमात ४ नोव्हेंबरला सॅन डिएगोविरुद्ध २९६ यार्ड धावला, तो एका सामन्याचा विक्रम अजून उभा आहे. मग शंका साहजिक होती की हेही हचिन्सनचंच देणं. तिचं उत्तर २०१२ ने दिलं. २४ डिसेंबर २०११ रोजी पीटरसनच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. त्यानंतर हचिन्सन संघ सोडून गेला. संघाचा पास खेळ इतका कमजोर की समोरच्यांनी निर्धास्तपणे आठ-आठ माणसं पुढे आणून उभी केली. अशा वर्षी पीटरसन पहिल्या सामन्यापासून मैदानात होता आणि २,०९७ यार्डांवर थांबला, धावेमागे सहाच्या हिशेबाने. एरिक डिकर्सनच्या १९८४ च्या २,१०५ ला आठ यार्ड कमी पडले. लाइन बदलली, गुडघा बदलला, माणूस तोच राहिला. वजाबाकीची अशी लख्ख संधी फार थोड्या खेळाडूंच्या बाबतीत मिळते.

बॅरी आणि एमिटचा जुना वाद याच पद्धतीने बघा. सगळे म्हणतात, एमिटला डॅलसची लाइन होती, बॅरीला डेट्रॉइटमध्ये काहीच नव्हतं. बॅरीबद्दल माझं मन पूर्ण त्याच्या बाजूने आहे. १९९७ मध्ये पहिल्या दोन सामन्यांत मिळून ५३ यार्ड, आणि नंतरचे चौदाही सामने शंभराच्या वर, मोसमाअखेर २,०५३. वॉल्टर पेटनच्या विक्रमाला १,४५७ यार्ड बाकी असताना, अजून पायांत दम असताना, त्याने निवृत्ती घेतली. पण एमिटला नुसता लाइनचा लाभार्थी म्हणणं मला मान्य नाही. १९९३ मध्ये कराराच्या वादामुळे तो पहिले दोन सामने खेळला नाही. लाइन तीच, क्वार्टरबॅक तोच, आणि डॅलस दोन्ही सामने हरलं. तो परतला आणि त्याच मोसमात सुपर बोल जिंकला. त्याआधी नियमित मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, २ जानेवारी १९९४ ला न्यू यॉर्कविरुद्ध, खांदा निखळल्यावरही तो मैदानात राहिला: ३२ वेळा धावून १६८ यार्ड आणि वर दहा पास झेलले. विश्वास नसेल तर त्या सामन्याचा ओव्हरटाइम पाहा. प्रत्येक टॅकलनंतर तो उजव्या हाताला न हलवता कसा उठतो ते बघितलं की लाइनचा विषय काढावासा वाटत नाही.

आकड्यांत न येणारी एक गोष्ट आहे जी मतदारांच्या चर्चेत मागे पडते: पास खेळताना रनिंग बॅकने क्वार्टरबॅकला वाचवणं. लाइनबॅकर आठ-दहा पावलांवरून जोर घेऊन येतो. रनिंग बॅकला चेंडू खेळात येण्याआधी ओळखायचं असतं की कोण येणार, मग आडवं जाऊन छातीला छाती द्यायची असते. कोणत्याच तक्त्यात त्याची नोंद ठळकपणे होत नाही. एजरिन जेम्स याच कारणाने त्याचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याचा लाडका होता. १९९९ आणि २००० मध्ये त्याने लीगमध्ये सर्वाधिक यार्ड काढले, पुढे गुडघा गेला, तरी १२,२४६ पर्यंत पोचला आणि २०२० च्या वर्गात त्याची निवड झाली. त्याच काळातला फ्रेड टेलर ११,६९५ यार्डांवर थांबला. जेम्सपेक्षा ४९४ वेळा कमी चेंडू घेऊन फक्त ५५१ यार्ड कमी. टेलरची सरासरी ४.६, जेम्सची ४.०. टेलरच्या नावावर एकच प्रो बोल (निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना) आहे, आणि मला यात जॅक्सनव्हिलसारख्या छोट्या गावाचा दोष जास्त दिसतो, टेलरचा कमी. त्याच्याच परिषदेत (लीगच्या दोन भागांपैकी एक) त्या वेळी जेम्स, मार्टिन, डिलन, बेटिस, होम्स आणि टॉमलिन्सन होते. त्या रांगेत प्रो बोलची तीन तिकिटं मिळवणं सोपं नव्हतं. मी असतो तर टेलरला आत घेतलं असतं, जेम्सनंतर.

पास झेलण्याचंही तसंच. रॉजर क्रेगने १९८५ मध्ये एकाच मोसमात धावून १,०५० आणि झेलून १,०१६ यार्ड काढले. असं करणारा तो पहिला. १९९९ मध्ये मार्शल फॉकने तेच केलं, २०१९ मध्ये क्रिश्चन मॅकॅफ्रीने. जे लोक फक्त धावेचे यार्ड मोजतात त्यांच्या तक्त्यात फॉक बेटिसच्या खाली येतो. फॉकने ७६७ पास झेलले, ६,८७५ यार्ड. ते गाळून फॉकचं मोजमाप करणं म्हणजे अष्टपैलू खेळाडूच्या विकेट न मोजण्यासारखं आहे.

मतदानाची पद्धत समजल्याशिवाय गोरचा प्रश्न सुटणार नाही. साधारण ५० जणांची समिती असते. निवृत्तीनंतर पाच मोसम जावे लागतात. २०२५ च्या वर्गापासून नियम कडक झाले: अंतिम १५ मधून १०, मग ७, आणि त्या सातांतून प्रत्येकाने पाच नावं द्यायची, आत जायला ८० टक्के मतं हवीत. त्या वर्षी आधुनिक काळातले तिघेच आत गेले. म्हणजे समोर दोन वेगळे प्रश्न असतात. हा खेळाडू पात्र आहे का, हा एक. यंदाच्या पाचांत मी याला कोणाच्या जागी बसवू, हा दुसरा. बहुतेक माणसं पहिल्याचं उत्तर देतात आणि समितीने दुसऱ्याचं उत्तर दिलं की चिडतात. मैदानाबाहेरचं वर्तन मोजायचं नाही असाही समितीचा नियम आहे. पीटरसनवर २०१४ मध्ये स्वतःच्या मुलाला मारहाण केल्याचं प्रकरण झालं आणि तो जवळपास पूर्ण मोसम बाहेर होता. शिक्षक म्हणून त्याबद्दल माझं मत फार कडक आहे. या तुलनेत मात्र मी नियम पाळतो.

तर आता चौघे.

पीटरसन पहिला. १४,९१८ यार्ड, धावून १२० टचडाउन, चार वेळा ऑल-प्रोचा पहिला संघ. २०२७ ला पहिल्यांदा पात्र होईल आणि तेव्हाच आत जावा.

मॅकॉय दुसरा. ११,१०२ यार्ड, ५१८ झेल, दोनदा ऑल-प्रोचा पहिला संघ, २०१३ मध्ये १,६०७ यार्डांसह लीगमध्ये पहिला. ८ डिसेंबर २०१३ ला फिलाडेल्फियात घोटाभर बर्फात तो डेट्रॉइटविरुद्ध २१७ यार्ड धावला. बाकीच्यांना उभं राहता येत नव्हतं तिथे हा दिशा बदलत होता. वजाबाकीच्या कसोटीलाही तो उतरतो: बफेलोला गेला, सगळं बदललं, तरी २०१६ मध्ये धावेमागे ५.४ यार्ड. शेवटच्या दोन मोसमांत कॅन्सस सिटी आणि टँपाबरोबर त्याला सुपर बोल विजेत्याच्या दोन अंगठ्या मिळाल्या. त्या मी धरत नाही, कारण त्या सुपर बोलपर्यंत तो बाकावर गेला होता. तो त्याशिवायच पात्र आहे.

तिसऱ्या जागेवर मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मनाने मी गोरचा माणूस आहे. कॉलेजात दोन्ही गुडघ्यांचे लिगामेंट तुटलेले, तिसऱ्या फेरीत निवड, आणि तरी १६ मोसम, २४१ सामने, नऊ वेळा हजाराच्या वर. २०१६ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, १,०२५ यार्ड. लोक म्हणतात, नुसता टिकला. रनिंग बॅक नुसता टिकत नाही. दर वसंतात संघाला २१ वर्षांचा ताजा, स्वस्त मुलगा मिळत असताना प्रशिक्षक वारंवार गोरलाच चेंडू देत राहिले, त्यात सॅन फ्रान्सिस्को, इंडियानापोलिस, मायामी, बफेलो आणि न्यू यॉर्क एवढे संघ आले. ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणारे जादा बचावपटू, अडवण्यात तो माझ्या मते त्याच्या पिढीत पहिला होता. माझ्या मुलांना मी पास अडवण्याचा धडा त्याच्याच चित्रफितीवरून देतो.

पण मोजपट्टी मी ठरवली आहे, आणि ती आवडत्या माणसासाठी वाकवली तर तिला अर्थ राहत नाही. गोर एकदाही ऑल-प्रोच्या पहिल्या संघात नव्हता. लिंच २०१२ मध्ये होता. २०११ ते २०१४ ही चार वर्षं लिंच १,२०० च्या खाली आला नाही आणि दर वर्षी धावून ११ ते १३ टचडाउन. सिअॅटलचा तो सुपर बोल जिंकणारा संघ हल्ल्यात त्याच्याभोवती बांधलेला होता. मोठे सामने बघा: जानेवारी २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्सविरुद्ध १४० यार्ड, पुढच्या जानेवारीत ग्रीन बेविरुद्ध १५७. आणि ८ जानेवारी २०११ ची ती ६७ यार्डांची धाव, जिच्या वेळी स्टेडियममधल्या प्रेक्षकांच्या नाचण्याने भूकंपमापकावर नोंद झाली. ती लोक ताकदीची म्हणून दाखवतात. मला तिच्यात पहिले तीन यार्ड महत्त्वाचे वाटतात: वाट बंद झालेली, लाइनबॅकर समोर, आणि लिंच न थबकता त्याच्या हातांतून निसटतो. पुढचं सगळं त्यानंतरचं. १०,४१३ यार्ड गोरपेक्षा फार कमी आहेत. पण डेव्हिसच्या बाजूने मी जे बोललो ते लिंचला लागू होतं आणि गोरला तेवढं होत नाही. म्हणून लिंच तिसरा, गोर चौथा, आणि चौघेही आत. गोरला थांबावं लागेल. बेटिसही बरीच वर्षं थांबला होता.

गोरच्या शिखराबद्दल मात्र तुमचा समज थोडा बदलायला हवा, कारण ‘शिखर नव्हतंच’ हे खरं नाही. २००६ मध्ये तो १,६९५ यार्ड धावला, धावेमागे ५.४. २००५ ते २०१० या सहा वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोने एकदाही हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत, त्यामुळे ते फार कमी लोकांनी पाहिलं. १९ नोव्हेंबर २००६ चा सिअॅटलविरुद्धचा सामना मिळाला तर पाहा. आदल्याच मोसमात सुपर बोल खेळलेला संघ समोर, आणि गोर २४ धावांत २१२ यार्ड काढतो. लांब धावा दिसतीलच. तुम्ही त्या मधल्या चार-पाच यार्डांच्या धावा बघा, जिथे लाइनने काहीच वाट केलेली नाही आणि तो गार्डच्या कमरेवर हात ठेवून, पावलं अगदी आखूड करून, अर्धा सेकंद थांबतो.